जव्हारला उसन्या नावाची गरज नाही

१/ सहलीच्या जाहिराती जव्हारला 'पालघरचे महाबळेश्वर' म्हणतात. उपमा गोड आहे. मात्र तिच्याआड जव्हारचा स्वतःचा इतिहास झाकला जातो. #धागा

२/ फ्रान्समधील बियारिट्झ हे एकेकाळी देवमाशांची शिकार करणाऱ्यांचे गाव. १८५४ मध्ये तिसरा नेपोलियन व सम्राज्ञी युजेनी यांनी तेथे सागरतीरी प्रासाद उभारायला घेतला आणि युरोपातील उमराव त्या किनाऱ्याकडे लोटले. त्या गावाचे वैभव बाहेरून आले.

३/ जव्हारचे राजे याच डोंगरांतले. मुकणे घराणे महादेव कोळी. परंपरेनुसार १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या राज्याला मान्यता दिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. सुमारे सहाशे वर्षे एका आदिवासी घराण्याची सत्ता!

४/ अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा हा त्या कथेचा शेवटचा अध्याय. पर्यटक तेवढाच वाचतो आणि दाभोशाच्या धबधब्याकडे वळतो.

५/ कथा तेथे संपली नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे देशाला ठाऊक झाले. आजही पावसाळ्यात पर्यटक वर येतात. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी खाली उतरतात.

६/ म्हणून राजवाडा अवश्य पाहावा. पण राज्य ज्यांचे होते त्यांच्याच लेकरांना गाव का सोडावे लागते, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. तो टाळून केलेली सहल अपुरीच राहते.