थापटणे कुठे आहे?

मराठीत विचार मांडण्याच्या व्यासपीठापर्यंत माणूस आज तीन वाटांनी पोचतो. पहिली वाट निमंत्रणाची; साहित्यसंमेलनांतले परिसंवाद, व्याख्यानमाला आणि बीजभाषणे या वाटेने भरतात. दुसरी अर्जाची; महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत निबंध वाचू इच्छिणारा प्राध्यापक वा संशोधक विद्यार्थी या वाटेने जातो. तिसरी वाट अलीकडची. 'प्रसार करण्याजोग्या कल्पना' मागवणाऱ्या, अठरा मिनिटांत आटोपणाऱ्या आणि चित्रफीत होऊन जगभर फिरणाऱ्या भाषणांची ही वाट आता आपल्या महाविद्यालयांच्या प्रांगणांपर्यंत आली आहे. या तिन्ही वाटांवर वक्त्याची चौकशी होते, त्याच्या म्हणण्याची होत नाही, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या पदावर, किती पुस्तके, कोणती शिफारस, हे सारे विचारले जाते. तुमचे म्हणणे काय आणि ते खरे कशावरून, हे मात्र विचारले जात नाही.

निमंत्रणापासून सुरुवात करू. जानेवारी २०२० मध्ये, १० ते १२ तारखांना, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले. निजामी राजवट पाहिलेल्या, अवर्षणाशी झगडणाऱ्या आणि २०१८ साली केंद्राने 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत घातलेल्या या जिल्ह्याच्या गावी संमेलन यावे, ही आनंदाचीच गोष्ट होती. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाध्यक्षपद मतदानाने ठरवण्याची जुनी रीत महामंडळाने घटनादुरुस्ती करून सोडली होती. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून एकमताने निवड होऊ लागली आणि दिब्रिटो त्या नव्या रीतीने आले. निवड चांगली होती. परंतु चांगली निवड आणि चांगली निवडपद्धती या दोन गोष्टी भिन्न आहेत.

निवड जाहीर झाल्यावर विरोध उठला. आक्षेप होता तो त्यांच्या धर्मगुरुपदावर. 'सुबोध बायबल'च्या गद्यावर, 'सुवार्ता'च्या संपादनावर, वसईच्या हरित चळवळीतल्या लेखनावर कोणी बोटही ठेवले नाही. उद्घाटनाला येऊ नये म्हणून ना. धों. महानोरांवरही दबाव आला. ते आले, हा त्यांचा मोठेपणा. दिब्रिटोंचा धर्म काढणाऱ्यांना आमची सहानुभूती नाही. पण संमेलनव्यवस्थेला एक प्रश्न विचारणे भाग आहे. बंद खोलीत माणूस निवडला आणि त्याच्या वाङ्मयाविषयीची कारणे सविस्तर लेखी मांडलीच नाहीत, तर बाहेरच्या वादात वाङ्मयाचा प्रश्न येणार कोठून? तुम्ही व्यक्ती निवडलीत, त्यांनी व्यक्तीवर हल्ला केला. वाद वाङ्मयाच्या मैदानात यावा अशी इच्छा असेल, तर ते मैदान आधी आखावे लागते.

याच्या आदल्याच वर्षी यवतमाळात जे घडले ते याच दुखण्याचे उग्र रूप होते. नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी बोलावले गेले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला मराठी संमेलनात मान कशाला, अशी ओरड झाली आणि निमंत्रण मागे घेतले गेले. त्यांचे न झालेले भाषण पुढे छापून आले, लोकांनी वाचले. म्हणजे म्हणणे तयार होते, लिहिलेले होते. रद्द झाली ती व्यक्ती. बोलावण्यामागचे कारण नोंदलेले नसेल, तर ते मागे घेण्यासाठीही कारणाची गरज उरत नाही. कृपेने दिलेली वस्तू लहरीने परत घेता येते, हा कृपेचा स्वभावच आहे.

यावर आमचे ज्येष्ठ म्हणतील, "अहो, अर्ज करून बोलायला जाणे हे लेखकाला शोभते काय? सन्मानाने बोलावले तर जावे." हा मानी बाणा आम्हांस परिचित आहे आणि त्यात काही उदात्त आहे, हेही मान्य आहे. परंतु 'बोलावले तर जाईन' असे म्हणणे ज्याला बोलावणे येत असते त्यालाच परवडते. भूम, परंडा, कळंब येथल्या एखाद्या नव्या अभ्यासकाकडे सांगण्यासारखे काही असेल, पण त्याचे नाव पुण्या-मुंबईच्या कोणा परिचिताच्या वहीत नसेल, तर त्याने काय करावे? निमंत्रणाची वाट पाहत बसणे हा त्याच्यासाठी स्वाभिमान नाही, ती हद्दपारी आहे. निमंत्रण आले म्हणजे जावेच असेही नाही. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. मौनाने नव्हे, कारणे लिहून नाकारले. मराठी साहित्यसंमेलनांच्या साऱ्या इतिहासात बीजभाषण म्हणण्याजोगा जर एखादा मजकूर असेल, तर तो या न गेलेल्या माणसाचे पत्र होय, असे आम्ही म्हणू. ज्यांचा हक्कच मान्य नाही त्यांच्या शेजारी बसून ग्रंथांची चर्चा कशी होणार, हा त्या पत्राचा प्रश्न होता आणि तो मांडायला त्यांना मंडप लागला नाही.

आता अर्जाच्या वाटेकडे वळू. ती तरी निर्मळ आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने चर्चासत्रात निबंध वाचण्याला गुण लावले: आंतरराष्ट्रीय सत्राला १०, राष्ट्रीय सत्राला साडेसात, राज्यस्तरीयला ५, स्थानिकला ३. २०१८ च्या नियमावलीने ते उतरवले. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय सत्राला ७, देशातल्याला ५, राष्ट्रीय सत्राला ३, राज्य वा विद्यापीठ पातळीवरच्याला २. गुण कमी झाले, रोग तसाच राहिला. निबंध कुठे वाचला याला गुण आहेत. निबंधात काय आहे याला नाहीत. परिणाम सर्वांसमोर आहे. पत्रक येते, त्यात विषय म्हणून 'साहित्य, समाज आणि संस्कृती' असे काहीतरी, म्हणजे ज्यात न बसणारे जगात काहीच नाही. खाली पंचवीस उपविषय. तीनशे शब्दांचा गोषवारा, नोंदणीशुल्क, भोजनाची व्यवस्था, प्रमाणपत्र. गोषवारा नाकारला गेल्याचे ऐकिवात नाही, कारण तो कोणी वाचल्याचेही ऐकिवात नाही. सत्राच्या दिवशी एका तासात नऊ निबंध, प्रत्येकी पाच मिनिटे, प्रश्नोत्तरांना वेळ नाही, आणि तीन वाजता निम्मे सभागृह प्रमाणपत्राच्या रांगेत. ज्याला बोलायचे आहे त्याला येथे कोणी अडवत नाही. पण अडवणारा नाही म्हणजे ऐकणाराही नाही. दारातून सर्वांना आत घेणारी ही सभा वस्तुतः कोणालाच आत घेत नाही.

तिसऱ्या वाटेचे आकर्षण तरुण विद्यार्थ्यांना आहे आणि ते आम्ही तुच्छतेने उडवून लावणार नाही. टेड ही परिषद १९८४ साली अमेरिकेत सुरू झाली, २००६ पासून तिची भाषणे महाजालावर फुकट मिळू लागली आणि २००९ पासून परवाना घेऊन कोणत्याही गावी तिची स्थानिक आवृत्ती भरवता येऊ लागली. येथे निदान एक कल्पना मागतात, तालीम करून घेतात, वेळेची शिस्त पाळतात. आमच्या परिसंवादांत अध्यक्ष समारोपाला उठतो तेव्हा जेवणाची वेळ टळलेली असते. त्या मानाने हे शतपटींनी बरे. परंतु तालीम कशाची होते? आवाजाची, हातांची, थांबण्याच्या जागांची. हसू आणि डोळ्यांतले पाणी कोठे आणायचे याची. भाषण संपले की टाळ्या. प्रश्न विचारण्याची सोय त्या रचनेत सहसा नसते. ज्या विधानाला समोरून कोणी 'हे कशावरून?' म्हणत नाही, ते विधान कितीही सुबक असले तरी जाहिरातीच्या जातीचे राहते.

आता ज्या जिल्ह्यात ते संमेलन भरले त्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवावी. धाराशिवजवळच्या तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती, असे परंपरा सांगते. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे काय? मडके पक्के की कच्चे हे पाहायचे साधन, असे उत्तर मिळाले. मग आम्हीही मडकीच, आम्हांलाही पाहा, असे ती म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सारे गप्प राहिले. नामदेव मात्र रागावले आणि 'हे मडके कच्चे' असा निकाल झाला. नामदेव पंढरपुरी तक्रार घेऊन गेले, तेथेही तेच ऐकले, आणि अखेर औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले.

ही गोष्ट कीर्तनात गुरुमहिमा म्हणून सांगतात. आम्ही ती सभाशास्त्र म्हणून वाचतो. परीक्षा सर्वांची झाली, नवख्यांची तेवढी नव्हे. परीक्षक कुंभार होता. अधिकार जातीतून वा पदातून आला नव्हता, मडकी घडवण्याच्या अनुभवातून आला होता. जो सर्वांत नावाजलेला, ज्याच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो अशी ख्याती, तोच कच्चा ठरला, आणि तसे सांगायला कोणी कचरले नाही. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कच्चे म्हणून मडके फेकून दिले नाही. ते पुन्हा भाजायला पाठवले. २०२० च्या संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव दिले होते. नाव कमानीवर चढले. थापटणे तेरलाच राहिले.

बोलण्याची तयारी म्हणजे हे थापटणे आधी स्वतःच्या डोक्यावर चालवणे. उदाहरण घ्यायचे तर, उमरग्याकडच्या एखाद्या विद्यार्थिनीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर बोलायचे आहे असे समजू. सुमारे दहा हजार माणसे गेली, गावे उठून नव्या जागी वसली. तिने अर्जात 'भूकंप आणि मराठी साहित्य' असे लिहिले तर तो विषय झाला, म्हणणे झाले नाही. तेच जर तिने असे लिहिले, की जुन्या गावात आठवणी वाड्याला, पाराला, आडाला चिकटून सांगितल्या जात आणि सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतीत त्या सांगण्याची तऱ्हाच बदलली, तर ते म्हणणे झाले. ते चूक असू शकते. कोणी म्हणेल, तऱ्हा बदलली ती पिढी बदलल्याने, वसाहतीने नव्हे. मग तिला सास्तूरला जाऊन म्हाताऱ्यांकडे बसावे लागेल, भूकंप न झालेल्या शेजारच्या गावाशी ताडून पाहावे लागेल. चूक ठरण्याची जोखीम ज्या वाक्यात नाही ते वाक्य व्यासपीठावर नेऊ नये. वक्तृत्वाची पुस्तके ज्याला तयारी म्हणतात ती यानंतरची गोष्ट.

आक्षेप येतील. खुले अर्ज मागवले तर पूर येईल, असे म्हणतील. कविकट्ट्याचा दाखला देतील. पण कविकट्टा हेच संमेलनातले असे ठिकाण आहे जिथे अनोळखी माणूस कविता पाठवून येऊ शकतो. त्याला बाजूच्या मंडपात ढकलून वर त्याचीच थट्टा करणे हा न्याय नव्हे. पूर येतो तो दार उघडे असल्याने नव्हे. वाचणारे नसल्याने येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पारखणारे तेच प्रस्थापित असतील, मग निमंत्रण काय आणि निवड काय? ही भीती खरी आहे. म्हणूनच आमचा आग्रह कारणांवर आहे. लेखी कारण देणाऱ्या परीक्षकाचा पक्षपात निदान उघडा पडतो, त्याला उत्तर देता येते. मौन बाळगणाऱ्याच्या पक्षपाताला उत्तरच नसते.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि स्वस्त आहेत. त्यांना अनुदान लागत नाही. संमेलनातला निदान एक परिसंवाद आणि चर्चासत्रातली सारी सत्रे खुल्या अर्जांतून भरावीत. अर्जात पद आणि पुस्तकसंख्या विचारू नये. चार गोष्टी विचाराव्यात: तुमचे म्हणणे एका वाक्यात काय, ते कशावरून, ते कोणाला मान्य होणार नाही, आणि त्याला तुमचे उत्तर काय. वाचणाऱ्याने प्रत्येक अर्जावर निदान एक आक्षेप लिहून तो परत पाठवावा आणि सुधारून पुन्हा पाठवण्याची मुभा द्यावी. नकाराला कारण असावे, होकारालाही असावे. वीस मिनिटे बोलणाऱ्याला वीस मिनिटे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागावीत. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊ नये. आणि ज्येष्ठांनीही अर्ज करावा. नामदेवांना जे चुकले नाही, ते आमच्या विभागप्रमुखांना चुकावे असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.