विस्तार कोणाचा?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात दरवर्षी १८ मे रोजी खरीप शेतकरी मेळावा भरतो. १९७२ साली याच दिवशी या विद्यापीठाची स्थापना झाली. मृग नक्षत्र जेमतेम तीन आठवड्यांवर आलेले असते, नांगरलेले रान तापत पडलेले असते, आणि जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंतचा शेतकरी उन्हातान्हातून मांडवाकडे येतो. पुढे १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा मेळावा होतो. मुक्तीचा दिवस आणि पेरणीची तयारी यांची ही सांगड आम्हांस अर्थपूर्ण वाटते. परंतु मांडव उतरल्यावर जो प्रश्न मागे राहतो, तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. विद्यापीठाला जे कळले ते शेतकऱ्याला कळले काय? आणि शेतकऱ्याला जे कळते ते विद्यापीठाला कळले काय?

या दुहेरी प्रश्नाची काळजी वाहण्यासाठी विद्यापीठात एक स्वतंत्र विभाग आहे. 'कृषी विस्तार शिक्षण' असे त्याचे काहीसे अवजड नाव. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि 'विस्तार' हा शब्द ग्रामसेवकाबरोबर खेड्यात पोहोचला. १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय निघाले आणि सोळा वर्षांनी विद्यापीठ उभे राहिले. पदवीच्या अभ्यासक्रमातील एक विषय म्हणून शिकविले जाणारे हे शास्त्र पाहता पाहता पदव्युत्तर आणि पुढे आचार्य पदवीपर्यंत जाऊन पोहोचले. विद्यार्थी वाढले, प्रबंध वाढले, परिसंवाद वाढले. ही वाढ अभिनंदनीय आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मात्र विभागाचा विस्तार झाला म्हणजे विस्ताराचे कार्य झाले, असा समज कोणी करून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. फळा भरून लिहिले म्हणजे धडा झाला, असे नव्या मास्तराला वाटते. मुलांच्या वह्या पाहिल्यावर त्याचा भ्रम फिटतो. शिकविणे आणि शिकणे या दोन गोष्टींतील अंतर वही पाहिल्याशिवाय उमगत नाही. विस्तार शिक्षणाच्या विद्यार्थ्याची वही म्हणजे शेतकऱ्याचे रान होय, आणि ती तपासावयाची तर बांधावर जाऊन उभेच राहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातील कापूस उद्ध्वस्त केला. शास्त्रज्ञांचा सल्ला स्पष्ट होता आणि आहे : फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या रानातून काढा, कामगंध सापळे लावा. यातील प्रत्येक गोष्ट शास्त्रशुद्ध आहे. तरीही कोरडवाहू शेतकरी फरदड का ठेवतो? तो अडाणी आहे म्हणून काय? मुळीच नाही. शेवटच्या एकदोन वेचण्यांना नवे बियाणे लागत नाही, पेरणी लागत नाही. जे हाती येते त्यातून दुकानदाराची उधारी भागते. शिवाय एकट्याने पऱ्हाट्या काढल्या आणि शेजाऱ्याने ठेवल्या, तर अळी काही सातबारा पाहून येत नाही. म्हणजे येथे औषधाची मात्रा सांगून भागत नाही. साऱ्या शिवाराचा एकविचार घडवावा लागतो आणि बुडणाऱ्या चार पैशांची सोयही पाहावी लागते. हे काम कीटकशास्त्रज्ञाचे नाही. विस्तार शिक्षणाचे शास्त्र जन्माला आले ते नेमके यासाठीच.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे. २०२० च्या जून महिन्यात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. दोषी बियाण्यांच्या विक्रेत्यांना शासन झालेच पाहिजे. परंतु ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ते ओलसर ठेवावे आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत, एवढ्या चाचणीने बियाणे पेरावे की न पेरावे हे घरच्या ओसरीतच ठरते. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. या ज्ञानाला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तरीही ते प्रत्येक ओसरीपर्यंत पोहोचलेले नाही. असे का, याचा शोध घेणे हा आमच्या मते कोणत्याही प्रबंधास शोभेल असा विषय आहे.

परभणीचे महाविद्यालय निघाले त्याच १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राच्या परिसरात युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला होता. दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. लोकांनी शेतीचा कार्यक्रम एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी, निर्णय घ्यावा आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावे, अशी योजना होती. जेथे नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा जेथे चर्चा झाली त्या गावांचे ज्ञान कितीतरी अधिक वाढल्याचे पाहणीत आढळले. ऐकविल्याने माणूस शिकत नाही, बोलू दिल्याने शिकतो, हा धडा महाराष्ट्राच्या मातीतच मिळालेला आहे. तथापि २०१३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील सुमारे ५९ टक्के शेतकरी कुटुंबांना कोठूनही तांत्रिक सल्ला मिळाला नसल्याचे दिसले. सल्ल्याची ही रिकामी जागा मग रिकामी राहत नाही. तालुक्याच्या गावचा खते-औषधांचा दुकानदार ती भरून काढतो. त्याची उधारी चालते, तो नावाने ओळखतो, आणि विचारताच उत्तर देतो. मात्र त्याच्या उत्तरात बाटली ही असतेच!

विद्यापीठाजवळ माणसे नाहीत असे नाही. पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात जातात. गावकरी त्यांना कौतुकाने कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, छायाचित्र निघते, आणि ते आम्ही वृत्तपत्रवालेच छापतो. या दोषातून आम्ही स्वतःला वगळीत नाही. छायाचित्रात बहुधा ज्याच्या नावावर सातबारा आहे तो उभा असतो. बियाणे निवडून ठेवणारी, निंदणारी, खुरपणारी आणि कापूस वेचणारी बाई चौकटीबाहेर राहते. ३ जानेवारीस, सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी, विद्यापीठात महिला शेतकऱ्यांचा मेळावा होतो ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वर्षाचे उरलेले दिवसही तिचेच आहेत.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली ही, की विस्तार शिक्षणातील प्रत्येक प्रबंधाचा प्रश्न एखाद्या गावाने विचारलेला असावा, आणि त्याचे उत्तर सोप्या मराठीत त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखविले जावे. इंग्रजी प्रबंध ग्रंथालयात सुखरूप राहतात, पण ज्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली त्यांना निष्कर्ष कळत नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे. दुसरी ही, की विद्यार्थ्याने एका गावाशी पेरणीपासून काढणीपर्यंत नाते राखावे आणि गुण देताना गावकऱ्यांचे मतही विचारले जावे. तिसरी ही, की अध्यापकाच्या बढतीत छापील लेखाइतकेच वजन बांधावरच्या कामाला मिळावे.

यावर विद्यापीठ म्हणेल की, रिकाम्या पदांच्या भरवशावर हे कसे साधावे? हा आक्षेप रास्त आहे. पदे न भरता केवळ घोषणा वाढविणाऱ्या शासनाने त्याचे उत्तर दिले पाहिजे. परंतु आपल्या क्षेत्रावर काय साधता येते हे परभणीने दाखविले आहे. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगाला दाद न देणारा 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण येथूनच निघाला आणि परभणीचे नाव घेऊन दूरवरच्या रानांत गेला. चांगला वाण वाट काढीत जातो. चांगल्या सल्ल्याला मात्र माणूस लागतो.

आमचा शहरातील वाचक म्हणेल, आम्हांला याचे काय? त्याच्या ताटातील ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण याच काळ्या रानातून येते. डाळ महागली की आपण संपादकांस पत्रे लिहितो. दुबार पेरणीने खचलेल्या घराची बातमी मात्र पान उलटून पुढे जातो. पुढच्या मेळाव्यात किती शेतकरी आले हे विद्यापीठाने अवश्य मोजावे. त्याबरोबरच त्यांनी किती प्रश्न विचारले, आणि त्यांतील किती प्रश्न पुढील वर्षीच्या प्रयोगक्षेत्रावर पोहोचले, हेही मोजून जाहीर करावे. तो आकडा आम्ही पहिल्या पानावर आनंदाने छापू.