वॉकी-टॉकीवर मराठीत बोललात तर समोरच्याला तमिळमध्ये कळेल का? हॅम रेडिओ आणि झटपट भाषांतर

जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ फोनमध्ये चालू कॉलचं भाषांतर करणारं फीचर आलं. पुढे गूगल आणि ॲपलनेही अशी सोय दिली. मग हेच हॅम रेडिओवर का होऊ नये?

आधी थोडक्यात: हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स घेऊन चालवायचा हौशी रेडिओ. प्रत्येकाला स्वतःचा कॉलसाइन मिळतो. भारतात तो बहुतेक वेळा ‘व्हीयू’ने सुरू होतो. सिम नाही, रिचार्ज नाही, आणि थेट सेट ते सेट बोलायचं असेल तर टॉवरही लागत नाही.

हा फक्त छंदाचा प्रश्न नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्यासोबत हॅम ऑपरेटर्सची एक टीम योगायोगाने अंदमानात होती. फोन बंद पडले, तेव्हा त्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. अंदमान-निकोबारमध्ये बंगाली, तमिळ, तेलुगू, हिंदी, निकोबारी अशा कितीतरी भाषा बोलल्या जातात. अशा ठिकाणी निरोप पोचणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आवाजाच्या शेजारी मोकळी जागा

डिजिटल हॅम रेडिओत तुमचा आवाज आकड्यांमध्ये बदलून पाठवला जातो. जपानमध्ये तयार झालेली ‘डी-स्टार’ ही पद्धत बघा. तिचा वेग सेकंदाला फक्त ४,८०० बिट. त्यातले २,४०० आवाजाला, १,२०० त्या आवाजातल्या चुका दुरुस्त करायला आणि उरलेले १,२०० डेटाला. म्हणजे तुम्ही बोलत असतानाच जीपीएस लोकेशन किंवा छोटा मेसेज सोबत जाऊ शकतो. दोन्ही एकाच सिग्नलमध्ये.

१,२०० बिट म्हणजे अगदीच कमी वाटतं ना? पण लिहिलेल्या मजकुराला ते पुरतं. समजा, तुम्ही मिनिटाला १२० शब्द बोलता, म्हणजे सेकंदाला २. नेहमीच्या युनिकोड पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर फक्त १. मराठी शब्दात ६ चिन्हं धरली तर स्पेससकट १९ बाइट झाले, म्हणजे १५२ बिट. दोन शब्दांचे साधारण ३०० बिट. व्यवस्थेचा खर्च वजा केला तरी बसतंय!

पण डी-स्टारमध्ये स्टेशनसोबत दिसणारा जो छोटा मेसेज असतो, तो २० बाइटचा आणि इंग्रजी अक्षरं धरून बनवलेला. ‘मदत हवी’ एवढंच युनिकोडमध्ये लिहिलं तरी १९ बाइट संपतात. सोय इंग्रजीच्या मापाने शिवली की आपल्याला ती अशी आखूड होते.

मग भाषांतर कुठे करायचं?

खरा मुद्दा इथेच आहे. आपल्याला सुचणारी पहिली कल्पना अशी: मी मराठीत बोलतो, मशीनने तमिळ आवाज हवेत सोडावा. ही कल्पना चुकीची आहे. मशीनने चूक केली तर मूळ वाक्य कुणीच ऐकलेलं नसतं, त्यामुळे पकडणार कोण?

त्यापेक्षा बरा मार्ग असा: आवाज आहे तसा मराठीत जाऊ द्या. बोलणाऱ्याच्या फोनने त्याचा मराठी मजकूर बनवून डेटाच्या जागेतून पाठवावा. भाषांतर ऐकणाऱ्याच्या फोनवर व्हावं. याचे तीन फायदे. एक, बोलणं ओळखण्याचं काम स्वच्छ आवाजावर होतं. २,४०० बिटमध्ये दाबलेला आवाज मशीनला ओळखायला जड जातो. दोन, एकच मजकूर कुणी तमिळमध्ये वाचेल, कुणी बंगालीत. तीन, शंका आली तर मूळ आवाज हाताशी आहे.

शिवाय रेडिओवर एक जण बटण दाबून बोलतो, ‘ओव्हर’ म्हणून थांबतो, मग दुसरा बोलतो. फोनवर दोघं एकदम बोलले की भाषांतराचा गोंधळ उडतो. इथे मशीनला आपोआप श्वास घ्यायला वेळ मिळतो.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नियमानुसार वेगवेगळ्या देशांतल्या हॅम स्टेशन्सनी अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही. मूळ मराठी मजकूर सगळ्यांना वाचता येईल अशा पद्धतीने पाठवला तर काहीच लपत नाही. मात्र डी-स्टारमध्ये आवाज दाबणारं तंत्र एका कंपनीच्या मालकीचं आहे. म्हणून ‘एम१७’सारखा खुला पर्याय महत्त्वाचा. त्यात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांचं ‘कोडेक २’ वापरलं जातं, आणि १,६०० बिट आवाजाला, १,६०० डेटाला अशी वाटणीही करता येते.

धोका कुठे आहे?

डी-स्टारमध्ये आवाजाला चूक-दुरुस्ती आहे, पण शेजारच्या डेटाला नाही. सिग्नल कमजोर झाला की आवाज समजेल, पण मजकुरातला आकडा बिघडू शकतो. म्हणजे मजकुराची तपासणी वेगळी जोडावी लागेल.

आणि भाषेचे खड्डे तर आहेतच. ‘बोट परवा’ म्हणजे येऊन गेली की येणार? आपला ‘परवा’ दोन्हीकडे चालतो, रेडिओवर लोक क्रियापद गाळतात आणि मशीन अंदाज लावतं. ‘अडीचशे माणसं’ मध्येही तीच भीती. म्हणून हॅम लोकांची जुनी सवय सोडायची नाही: आकडा, तारीख, जागेचं नाव समोरच्याने परत म्हणून दाखवायचं. शक्य तिथे ‘परवा’ऐवजी तारीखच सांगायची.

तुम्ही आज काय करू शकता?

रेडिओ नसला तरी एक गोष्ट करता येते. टॉवर बंद पडल्यावर इंटरनेटवरचं भाषांतर उपयोगाचं नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि तुम्हाला लागणाऱ्या दुसऱ्या भाषेचा ऑफलाइन पॅक आजच डाउनलोड करा. मग एरोप्लेन मोड लावून दोन-चार वाक्यं टाकून बघा. ‘परवा’ आणि ‘अडीचशे’ नक्की टाका. मशीनवर किती भरवसा ठेवायचा, ते लगेच कळेल.