अनुदान मागा, पण दप्तर दाखवून!

“आमच्या विहाराला कोणी पैसा देत नाही,” ही तक्रार आज गावोगावच्या बौद्ध वस्त्यांतून ऐकू येते. देणारे आपल्या माणसांना देतात व आम्हांस डावलतात, असे म्हणून आमचे कार्यकर्ते निःश्वास टाकतात आणि पुढच्या जयंतीच्या वर्गणीस लागतात. डावलले जाते हे खोटे नाही. जात पाहून दार उघडणारे आणि जात पाहून दार लावणारे ह्या देशात आजही आहेत. परंतु ज्या दारावर आम्ही कधी थापच मारली नाही, ते दार आमच्यासाठी बंद होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावच्या विहार समितीचे चार उपासक आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. विहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी मुलींसाठी अभ्यासिका चालविली होती. जवळच्या एका कारखान्याने कपाटे, पुस्तके व विजेचे बिल यांचा भार उचलण्याची तयारी दर्शविली आणि संस्थेचे कागद मागितले. कागद काय निघाले? अध्यक्ष निवर्तून नऊ वर्षे झाली होती. पण धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी अध्यक्ष तेच होते! बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. हिशेब एका वहीत, वही खजिनदाराच्या घरी आणि खजिनदार मुंबईस! कारखान्याने ती रक्कम दुसऱ्या संस्थेस दिली. ह्यात कोणी जातीयवादी नव्हता. त्या मुलींचा घात आमच्याच आळसाने केला.

बौद्ध बंधुभगिनींनो, आम्ही ज्यांचे अनुयायी म्हणवितो त्या बाबासाहेबांचा कित्ता काय सांगतो? १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली ती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवून. १९२५च्या जानेवारीत सभेने सोलापुरास विद्यार्थी वसतिगृह काढले, तेव्हा सोलापूर नगरपालिकेचे दरमहा ४० रुपयांचे अनुदान त्यास मिळाले. रक्कम लहान, पण ती मागणारी संस्था कायद्याने उभी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा झाली. पण भारतीय बौद्ध महासभा त्याआधीच, १९५५ साली स्थापन झाली होती. क्रांतीलाही दप्तर लागते, हे त्या महापुरुषाने ओळखले होते. आम्ही मात्र ध्वनिक्षेपकाचे भाडे वेळेवर देतो आणि लेखापरीक्षकाचे शुल्क पुढच्या वर्षावर टाकतो!

“अनुदान मागणे म्हणजे पुन्हा हात पसरणेच नव्हे काय?” असा प्रश्न काही स्वाभिमानी तरुण करतात. त्यांचा स्वाभिमान आम्हांस वंद्य आहे, पण त्यांचा तर्क चुकीचा आहे. येसकरीची शिळी भाकर निराळी आणि सार्वजनिक निधीतील वाटा निराळा. १९४२ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयांपुढे ठेवले. बनारस व अलीगड विद्यापीठांस सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणास का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांनी दया मागितली नाही, आकडे मांडले. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. भीक मागणारा आपले दुःख दाखवितो; हक्क मागणारा आपला हिशेब दाखवितो.

आणि हक्क आहे काय? निःसंशय आहे! धर्मांतराने अनुसूचित जातीचा दर्जा जातो ही भीती आमच्या नवदीक्षित कुटुंबांना आजही घातली जाते. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. १९९३ साली केंद्र सरकारने बौद्धांस अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. शिक्षणसंस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्याच कारणाने तिला अनुदान देताना राज्याने भेदभाव करू नये, असे घटनेचे अनुच्छेद ३० सांगते. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास बांधले आहे आणि त्यात आपल्या कारखान्याच्या परिसरास प्राधान्य देण्यास सांगितले आहे. ज्या कारखान्याचा धूर आमच्या वस्तीवर येतो, त्याच्या नफ्यातील हा वाटा आम्ही का मागू नये?

परंतु मागण्याची रीत आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी. विश्वस्त बदलला, वारला वा निघून गेला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज गेला पाहिजे. बँकेत खाते संस्थेच्या नावाचे व सह्या दोघांच्या असाव्यात. दरवर्षी हिशेबाची तपासणी व्हावी. प्राप्तिकर खात्याकडील दोन्ही मान्यता, ज्यांस लोक १२अ व ८०ग म्हणून ओळखतात, त्या घ्याव्यात. कंपनीचा पैसा हवा तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव कागदावर दिसला पाहिजे. म्हणजे आज अभ्यासिका काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हजेरीपट ठेवावा.

उद्देशही विचारपूर्वक लिहावेत. विहार बांधणे हे धर्मकार्य आहे, ते उपासकांच्या दानातूनच व्हावे. त्यासाठी कंपनीच्या दारी जाणे व्यर्थ आहे. मात्र त्याच आवारातील अभ्यासिका, पाळणाघर, शिवणवर्ग, दवाखाना ही लोककार्ये आहेत व त्यांना साहाय्य मिळू शकते. दोहोंचे हिशेब वेगळे ठेवा. “केवळ बौद्धांसाठी” असे संस्थेच्या घटनेत लिहिल्यास देणगीदाराची करसवलत अडते. “अनुसूचित जाती, मागासवर्ग, स्त्रिया व बालके यांसाठी” असे लिहिल्यास कायदा त्यास एका धर्माचे वा जातीचे कार्य मानीत नाही. एका ओळीचा हा फरक आहे, पण त्या एका ओळीवर संस्था तरते वा बुडते.

येथे एका नव्या भटजीपासून सावध राहा. “अनुदान मंजूर करून देतो, इतके टक्के माझे,” असे सांगणारे दलाल वस्तीवस्तीत फिरू लागले आहेत. देवाचा मध्यस्थ नाकारून आम्ही बुद्धाला शरण गेलो. आता सरकारी कचेरीचा मध्यस्थ डोक्यावर घ्यावयाचा काय? आमच्या घरांतून आज पदवीधर मुले-मुली आहेत. एकीने जमाखर्च शिकावा, एकाने अर्ज लिहावेत.

सरकारलाही आमचे सांगणे आहे. पाच हजारांची वर्गणी जमविणाऱ्या वस्तीच्या मंडळाने आणि कोट्यवधींच्या संस्थेने जवळजवळ तेच कागद, त्याच कचेऱ्या आणि तेच हेलपाटे सोसावेत, हा न्याय नव्हे. लहान संस्थांसाठी तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य साहाय्य कक्ष हवा. ही मागणी आम्ही करीत राहू. पण मागणी मान्य होईपर्यंत वही कोरी ठेवणे हा निषेध नव्हे, आत्मघात आहे.

म्हणून येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर प्रत्येक समितीने आपले पावतीपुस्तक सर्वांसमोर उघडावे. आईने दिलेले दहा रुपये कोठे गेले हे तिला कळले पाहिजे. जी संस्था त्या माउलीस हिशेब देते, तिला जगातील कोणत्याही देणाऱ्यापुढे मान खाली घालावी लागत नाही.

जय भीम!