‘थोडेच राहिले’चा हट्ट नको

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही चौघे मित्र पहाटे सायकलींवर जळगावहून धुळ्याला निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, एरंडोलला चहा घेतला. सारे मजेत होते. पारोळ्याच्या अलीकडे मात्र ऊन तापले आणि एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले. डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली. पाणी तर तो सारखा पीत होता. मग असे का व्हावे?

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तासन्‌तास घाम गाळल्यावर नुसते पाणी पुरत नाही. आम्ही त्याला कडुनिंबाच्या सावलीत निजवले, ओल्या फडक्याने अंग पुसले आणि साखर-मिठाचे पाणी घोट घोट पाजले. प्रमाण लक्षात ठेवा : एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

तासाभराने तो उठला आणि म्हणाला, “चला, थोडेच राहिले!” आम्ही ऐकले नाही. पारोळ्याहून त्याला एसटीत बसवले. काहींना हा भित्रेपणा वाटेल. माझ्या मते माणसे उन्हापेक्षा या हट्टापायीच अधिक दगावतात. अंग भाजल्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. तोंडात काही न घालता अंगावर गार पाणी ओतत तातडीने दवाखाना गाठावा.

सायकल जरूर चालवा. पण उन्हाळ्यात दहाच्या आत सावली गाठा. धुळे कुठे पळून जात नाही.