माळ रिकामा नसतो

पावसाळा सुरू झाला, की वृक्षारोपणाची निमंत्रणं येऊ लागतात. शाळा, कंपन्या, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे रोपं घेऊन जागा शोधू लागतात. शहरात जागा नाही, शेतकरी शेतात लावू देत नाही. मग गावाबाहेरचा माळ सापडतो. ‘ओसाडच तर आहे, हिरवा करू या,’ म्हणून खड्डे घेतले जातात. माझा आक्षेप या ‘ओसाड’ शब्दाला आहे.

दौंड, इंदापूर, पुढे सोलापूर, अहिल्यानगर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, माळावर मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम. मोठ्या झाडांच्या दाटीला इथे ना खोली पुरते ना पाणी. गवताला मात्र एवढं पुरेसं होतं. पावसात ते वाढतं, फुलतं, बी टाकतं. उरलेले महिने त्यातली बहुवर्षायू गवतं वरून वाळून, पण मुळांनी जिवंत राहून काढतात. एप्रिलमधला पिवळा माळ मेलेला नसतो. ऊन, पाऊस, माती, गवत आणि चरणारी जनावरं यांनी मिळून घडवलेली ती पूर्ण परिसंस्था आहे. जंगल व्हायचं राहून गेलेली जागा नव्हे.

इथले प्राणी उघडेपणावरच जगतात. काळवीट आणि चिंकारा यांचा बचाव म्हणजे नजर आणि वेग. शत्रू दुरून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. माळढोकाची मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालते. धाविक, चंडोल यांचीही घरटी जमिनीवर. तिथे झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या, की कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते आणि शिकाऱ्याला आडोसा. सावलीत गवत मरतं, कारण माळावरची बहुतेक गवतं भर उन्हात वाढणारी. गवत गेलं की नाकतोडे कमी होतात, मग त्यांच्यावर जगणारे पक्षी. शाळेत अन्नसाखळी काढताना पहिला बाण आपण गवतापासूनच काढत होतो!

आणि लावतो तरी काय? बऱ्याचदा गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं. आपल्याकडची गुरं-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे रोपं जगल्याची टक्केवारी छान दिसते. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा या झाडांखाली वाकून पाहावं, गवत किती उरलंय ते.

‘पण झाडं कार्बन शोषतात ना?’ गवतही शोषतं, आणि त्यातला बराचसा मुळांवाटे जमिनीत ठेवतं. वणवा लागला तरी तो तिथे बराच सुरक्षित असतो.

सरकारी नोंदींत मात्र माळरानांचा मोठा भाग ‘पडीक जमीन’ म्हणून येतो. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. एवढे खड्डे कुठे तरी घ्यावेच लागणार. एकदा पडीक म्हटलं, की मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला कोणी विचारतही नाही. लांडग्याशी त्याचं जुनं वैर, पण माळ दोघांनाही लागतो.

सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज देशभरात दीडशेच्या आतच माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी त्याची अनेक कारणं आहेत. माळावर झाडं लावणं हे त्यातलं एक. पण तेवढंच आपण पुण्य समजून करतो.

झाडांना माझा विरोध नाही. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात जरूर लावावीत. माळासाठीच काही करायचं असेल, तर दिवाळीच्या सुमारास जावं. तेव्हा पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी पिकलेलं असतं. ते गोळा करून ठेवायचं, अति चराईने उघड्या पडलेल्या तुकड्यावर पुढच्या पावसाच्या तोंडावर विखरायचं आणि धनगरांशी बोलून दोन पावसाळे तेवढा तुकडा चराईतून वगळायचा. यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नसतं, हे खरं.