नावे राष्ट्रांची, खोती कंपन्यांची

इंटरनेटला सरहद्दी नसतात, हा सिद्धान्त खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत. देशाच्या नावाचे डोमेन त्या देशाशी संबंध असलेल्यांनाच मिळावे, असा नियम कोणी केला की त्याच्यावर संकुचित राष्ट्रवादाचा शिक्का मारला जातो. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारी ‘डॉट इन’ वा ‘डॉट टीव्ही’ ही अक्षरे केवळ तांत्रिक सोय आहेत. ज्याला हवी त्याने पैसे टाकून ती घ्यावीत, एवढेच या मंडळींचे अर्थशास्त्र.

मूळ भूमिका अशी नव्हती. या व्यवस्थेचे एक शिल्पकार जॉन पोस्टेल यांनी मार्च 1994 मध्ये तिचे नियम शब्दबद्ध केले. देशाच्या डोमेनचा व्यवस्थापक हा मालक नसून त्या देशाचा आणि जागतिक इंटरनेट-समाजाचा विश्वस्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे बाजारपेठ आली आणि विश्वस्ताचा खोत झाला.

याचे सर्वांत निर्लज्ज उदाहरण हिंदी महासागरात सापडते. 1965 साली ब्रिटनने शागोस बेटे मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ देता यावा म्हणून 1968 ते 1973 या काळात तेथील रहिवाशांना हद्दपार केले. हा अन्याय इतका उघड की, 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी अभिप्रायात ही फाळणी बेकायदेशीर ठरवली. अशा या उजाड केलेल्या प्रदेशाच्या नावे 1997 साली ‘डॉट आयओ’ हे डोमेन निघाले आणि ते एका खाजगी ब्रिटिश कंपनीच्या हाती गेले. संगणकाच्या परिभाषेत ही अक्षरे ‘इनपुट-आउटपुट’ अशी वाचता येतात, म्हणून जगभरच्या तंत्रज्ञान-कंपन्यांनी ती घेतली. स्थानिक रहिवासाची अट नव्हती; रहिवासीच ठेवले नव्हते, तेव्हा अट कोणासाठी घालावयाची? या विक्रीतून आपणांस काहीही उत्पन्न मिळत नाही, असे ब्रिटिश सरकारने 2014 साली संसदेत सांगितले. हद्दपार शागोसवासी तर या हिशेबात कोठेच नव्हते.

यावर असे उत्तर दिले जाते की, खुल्या विक्रीने लहान देशांचे कल्याणही झाले आहे. ते खरे आहे. तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने 2000 साली ‘डॉट टीव्ही’बाबत एका अमेरिकन कंपनीशी बारा वर्षांत 5 कोटी डॉलर मिळण्याचा करार केला आणि त्याच वर्षी ते संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले. कॅरिबियनमधील अँग्विलाने ‘डॉट एआय’ सरकारच्या हाती ठेवले. 2023 साली तेथील सरकारी महसुलाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग त्यातून आला. परंतु यातून सिद्ध काय होते? डोमेनच्या नावाचे मूल्य कोणा उद्योजकाच्या श्रमातून निर्माण झालेले नाही. रिकार्डोने 1817 साली ज्याला खंड म्हटले, तोच हा खंड होय. तो जनतेच्या तिजोरीत जातो की खोताच्या खिशात, हाच खरा प्रश्न आहे.

निर्बंधांची भीती दाखवणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. ‘डॉट यूएस’ घ्यावयाचे तर अमेरिकेशी नागरिकत्वाचा, रहिवासाचा वा प्रत्यक्ष कारभाराचा संबंध दाखवावा लागतो. कॅनडा, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया यांच्याही अशाच अटी आहेत. त्यामागचे कारण साधे आहे: फसवणूक झाली तर न्यायालयाचे समन्स पोहोचविण्यास एक पत्ता देशात असला पाहिजे.

मात्र निर्बंध म्हणजेच समाजवाद, असा समज कार्यकर्त्यांनी करून घेऊ नये. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर 1 जानेवारी 2021 रोजी ब्रिटनमधील धारकांची सुमारे 80 हजार ‘डॉट ईयू’ नावे निलंबित झाली. त्यांत बड्या कंपन्यांबरोबर लहान दुकानदार आणि सामान्य नागरिकही भरडले गेले. निर्बंध भांडवलावर हवेत, माणसांवर नव्हेत. निर्वासित, स्थलांतरित, परदेशी शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी दार बंद करणारा नियम प्रतिगामीच ठरेल.

भारताने जानेवारी 2005 मध्ये ‘डॉट इन’चे दार जगातील कोणाही अर्जदाराला खुले केले. तांत्रिक कारभारही प्रथम अफिलियास व 2019 साली न्यूस्टार या परकीय कंपन्यांकडे गेला. ऑगस्ट 2014 मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ अवतरले. लिपी आपली झाली, धोरण मात्र बाजारपेठेचेच राहिले.

तेव्हा पक्षाने तीन मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. भारतात नोंदणीकृत कार्यालय नसलेल्या परकीय व्यापारी कंपनीस ‘डॉट इन’ मिळू नये. व्यक्तींना व ना-नफा संस्थांना या अटीतून सूट असावी. कोणाचेही नाव काढून घेताना पूर्वसूचना आणि अपिलाचा हक्क मिळावा. आणि या खंडाचा जमाखर्च दरवर्षी संसदेत चर्चेला येऊन त्यातून खेड्यापाड्यांतील शाळा-वाचनालयांना इंटरनेट मिळावे.

कोकणातील खोती 1949 च्या कायद्याने गेली, ती खोतांच्या सद्‍बुद्धीमुळे नव्हे. त्यापूर्वी चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप केला होता. ही नवी खोतीही केवळ अर्जविनंत्यांनी जाणार नाही, हे कार्यकर्त्यांनी ओळखून कामाला लागावे.